लोंढ्यांचा पहिला मॅट्रिक

आमच्या भागातलं लग्न पत्रिकेवरच्या वेळेला लागलं असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर तो माणूस एक तर थापाड्या आहे, नाहीतर त्यानं आमच्या भागातलं लग्न पाहिलेलंच नाही. पत्रिकेत बारा पस्तीस छापलेलं असतं. बारा पस्तीसला नवरदेव अजून मारुतीच्या देवळापुढं असतो, वऱ्हाडी नाचून दमलेले नसतात, पुढारी तिसऱ्याच गावच्या लग्नात असतात. आणि मांडवात हजार-बाराशे माणूस मुठीत अक्षता धरून घामानं निथळत असतं. हा मधला तास-दीड तास माणसं जागेवर बसवून ठेवायची म्हणजे खायचं काम नाही. एकदा का एक जण जेवायला उठला, की मेंढरागत सगळा मांडव उठतो.

मी गोकुळ. वडगाव निंबाळकरचा. स्पीकर, माइक, जनरेटर माझा. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतल्या मांडवांत बावीस वर्षं मी वायरी ओढतोय. आणि त्यातली बहुतेक वर्षं माइकवर माणूस एकच, वरकुट्याचे गेणबा लोंढे. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

तात्या शेरोशायरी करत नाहीत. पुढाऱ्यांची नावं घेतात, पण घाईनं, औषध प्यायल्यासारखी. त्यांचं खरं काम वेगळंच. लग्न ज्या आडनावाचं असेल त्या आडनावाचा एक नामवंत माणूस ते काढणार, आणि त्याची कुणालाच माहीत नसलेली गोष्ट सांगणार. नामवंत म्हणजे दिल्लीचा नव्हे हो, पंचक्रोशीतला. रूपनवरांचा एक पैलवान होता, चाळीस कुस्त्या मारलेला. घरात पाल दिसली की हा गडी अंगणात झोपायचा, आणि बायको पाल हाकलून 'आता या आत' म्हणायची. तात्यांनी ही गोष्ट भर मांडवात सांगितली तेव्हा पैलवानाचे दोन नातू बाह्या सरसावून स्टेजकडं निघाले होते. तात्या म्हणाले, "मला मारण्याआधी आजीला इचारा." आजी पदर तोंडात कोंबून हसत होती. झालं, नातू गप खाली बसले.

भोसल्यांच्या एका आबांनी गावात पहिला ट्रॅक्टर आणला, पण रिव्हर्स टाकायचं कुणी शिकवलंच नव्हतं. दीड वर्ष आबा ट्रॅक्टर पुढंच नेत होते. दार मागं राहिलं तर गावाला वळसा घालून परत दारात यायचे. शेंडग्यांच्या एक बाई होत्या, अडीचशे पोरं त्यांच्या हातावर जन्मली. पण कोंबडी कापताना बघितली की चक्कर येऊन पडायच्या. असल्या गोष्टी. माणसं जेवण विसरायची.

पण तात्या मनचं काही सांगत नव्हते. त्यांचा एक कायदा होता. लग्नाच्या चार दिवस आधी ते त्या गावात जायचे आणि दोन म्हाताऱ्या गाठायचे, एकमेकींशी बोलत नसलेल्या. आता अशा दोन म्हाताऱ्या नाहीत असं गाव मला तरी ठाऊक नाही. पहिली सांगायची. मग दुसरीकडं जाऊन तेच काढायचं. ती म्हणायची, "तिला काय डोंबल ठावं!" आणि तीच गोष्ट सांगायची. की झाली पक्की. तात्या म्हणायचे, "मैत्रिणी मैत्रिणीला साक्ष देत्यात गोकुळ, त्यात काय राम न्हाय. वैरीण साक्ष द्याया पायजे." गावच्या डेअरीवर तीस वर्षं दुधाची फॅट मोजलेला माणूस तो. पाणी घातलेलं त्यांना चालत नसे.

मोबदला म्हणून टॉवेल-टोपी-नारळ. नारळाची चटणी व्हायची, टोप्या वाटल्या जायच्या, टॉवेल मात्र साठत गेले. त्यांच्या बायको भागूबाई एकदा मला म्हणाल्या, "गोकुळ, आख्ख्या वरकुट्याला आंघूळ घालायची म्हणलं तरी टावेल कमी पडायचं न्हाईत."

आता त्यांच्या स्वतःच्या आडनावाचं सांगतो. लोंढ्यांच्या लग्नात तात्यांचं एक वाक्य ठरलेलं. घसा साफ करायचे, डावा हात कमरेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "मंडळी, ह्या पंचक्रोशीला पहिला मॅट्रिक दिला, तो लोंढ्यांनी!" की पुढच्या सोफ्यावरच्या भावकीच्या टाळ्या. फेटे हलायचे. मिशा नसलेलेसुद्धा मिशीवरून हात फिरवायचे. तात्या हसून पुढच्या विषयाला जायचे. मी हे वाक्य तीसेक लग्नांत ऐकलं असेल. पण त्या मॅट्रिकचं नाव काय, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. मी पण एक गाढवच.

गेल्या मे महिन्यात तात्यांच्या ओट्यावर मी माइकची वायर जोडत बसलो होतो, तेव्हा मालनबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, पांढरं पातळ, चालणं ताठ. याही लोंढेच. वरकुट्यात लोंढे दोन. वरच्या आळीचे लोंढे मराठा, उसाचे, कारखान्याचे सभासद, भावकी दांडगी. आणि ओढ्याच्या पलीकडचे लोंढे, ज्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला. आता त्यांच्यात कुणी शेती करतं, कुणी नोकरीला. मालनबाईंचा मुलगा बाजीराव लोणी देवकरला एका कंपनीत शिफ्टचा सुपरवायझर. नात करुणा बारामतीत बँकेत. गाव एक, आडनाव एक, मधे ओढा.

"गेणबाभाऊ," मालनबाई ओट्याच्या कडेला टेकल्या, "करुणाचं लगीन हाय बावीस तारखेला. माइक तुमी धरायचा."

"अवं वैनी, सांगायचं काय त्यात! धरतो की," तात्या खूश झाले.

"बरं. आन् लोंढ्यांचा पहिला मॅट्रिक, ते पण सांगायचं."

तात्यांचं हसू जरा कमी झालं. "सांगू की."

"नाव घेऊन सांगायचं," मालनबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, काही नाही. "तीस वरसं तुमच्या पिकरातनं ऐकतीया मी. पार ओढ्याच्या पल्याड येतंय ऐकू. पहिला मॅट्रिक, पहिला मॅट्रिक. त्यो माजा सासरा हुता. राघू सटवा लोंढे. माज्या सासूनं, फुलाबाईनं, तुमाला सोताच्या तोंडानं सांगितलंवतं. मी चुलीम्होरं च्या करत हुते."

मी वायर खाली ठेवली. तात्या जमिनीकडं बघत होते.

"माजं काय मागणं न्हाय दुसरं," त्या म्हणाल्या. "माज्या डोळ्यांदेखत येकदा त्याचं नाव माइकवर घ्या. आख्खं. कुठल्या घरचा त्ये पण सांगा. येवढंच." आणि चहासुद्धा न घेता उठून गेल्या.

मला असला राग आला म्हणून सांगू! ज्या माणसाच्या खरेपणाच्या मी दोन तालुक्यांत बाता मारत फिरलो, तो माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. "तात्या, खरं हाय का हे?"

"व्हय."

"मग तीस वरसं काय दातखीळ बसलीवती?"

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. मग सांगितलं. पहिल्यांदा माइक हातात घेतला तो भावकीच्याच एका लग्नात. नाव सांगायचंच होतं. जिभेवर होतं. पण 'तो लोंढ्यांनी' एवढं म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या भावकीला वाटलं, आपलाच कुणीतरी पणजोबा. एका चुलत्यानं तर उठून गळ्यात हार घातला. "आता त्या हारात नाव कसं घ्यायचं, तूच सांग. म्हणलं फुडच्या टायमाला घेऊ. फुडच्या टायमाला बी टाळ्याच." टोपी पुन्हा हातात आली. "ग्वाड लागल्या रं टाळ्या. खोटं कशाला बोलू."

खोटं एक अक्षर बोलले नव्हते, हीच तर गंमत. पहिला मॅट्रिक लोंढेच होता. दुधात पाणी घातलं नव्हतं, नुसती साय काढून घेतली होती.

मला वाटलं, आता हा माणूस सरळ येईल. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकल काढायला लावली आणि म्हणाले, "दुसरी साक्ष पायजे." अहो, तीस वर्षं ठाऊक असलेली गोष्ट! पण यांना वेळ काढायचा होता. माणसाला जे करायचं जिवावर येतं ते तो आधी नीट तपासून बघतो. आम्ही वरच्या आळीला त्यांच्या चुलतीकडं गेलो. द्वारकाबाई, नव्वदी ओलांडलेली, दात दोन, कान एक, जीभ मात्र शाबूत.

"काकी, त्यो पहिला मॅट्रिक कोन गं?" तात्यांनी कानाशी ओरडून विचारलं.

"राघू," म्हातारी म्हणाली. "ओढ्यापल्याडचा. का? आमच्या वयाच्या समद्या बायांला ठावं हाय, तुलाच येकट्याला इसर पडला व्हय?"

"नुसतं इचारलं."

"नुसतं इचारतंय! आरं, कारकान्याचा सभासद कसा झाला तुजा बा? त्याला सही यीत न्हवती. आपल्या आळीच्या चाळीस घरांचं अर्ज राघूनं लिवलं. पायरीखाली बसून. वर ये म्हणलं न्हाय कुणी त्याला. मी बी न्हाय म्हणलं." म्हातारीनं हात वर धरून दाखवला. "पाणी वरनं वतलं मी त्याच्या वंजळीत. उनाचं लिवत हुता. अक्षर मातुर मोत्यावानी."

हे तात्यांना माहीत नव्हतं. दोन तालुक्यांतल्या आडनावांच्या आतल्या गोष्टी काढणारा माणूस, आणि स्वतःच्या बापाची गोष्ट ओट्यावर सत्तर वर्षं पडून होती.  परत येताना मी त्यांना चिडवलं नाही, आणि मी तशी संधी सोडणारा नाही.

बातमी कानोकान जातेच. संध्याकाळी दीपकराव आले. दीपक लोंढे, तात्यांचा पुतण्या, सोसायटीचा संचालक, पांढरे कपडे, पायात पांढरेच बूट. त्यांच्या मुलाचं, ऋषिराजचं लग्न पुढच्या महिन्यात. प्रवेशद्वाराचा फ्लेक्स छापून आला होता: 'पंचक्रोशीला पहिला मॅट्रिक देणारे लोंढे घराणे आपले सहर्ष स्वागत करीत आहे.'

"तात्या, तुमी कुणाचंबी नाव घ्या, आमी न्हाय म्हणत न्हाय," दीपकराव गोड आवाजात म्हणाले. "फकस्त करुणाच्या लग्नात नको. फ्लेक्स छापून आलाय. भावकीचं हसं व्हईल. तितं घेतलं नाव, तर ऋषिराजच्या लग्नाचा माइक बारामतीच्या पोराला द्यावा लागंल. माझा इलाज न्हाय."

ऋषिराज तात्यांच्या मांडीवर वाढलेला. त्याच्या लग्नात काय सांगायचं हे तात्या तो पाळण्यात असल्यापासून ठरवत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दीपकरावांनी ते होय समजून घेतलं आणि बूट वाजवत गेले.

बावीस तारखेला हायवेलगतच्या कार्यालयात लग्न. स्टेजवर तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, पांढरी फुलं. मी दहाला वायरी ओढल्या. तात्या आले तेव्हा बाजीराव घड्याळ बघत उभा होता. "तात्या, जय भीम. साडेबाराला मंगल परिणय म्हणजे साडेबाराला. मी शिफ्ट चुकू देत न्हाय, तर पोरीचं लगीन चुकू दीन व्हय? तुमाला बारा वीस ते साडेबारा. धा मिंटं."

दहा मिनिटं! तात्यांच्या आयुष्यात कुणी त्यांना दहा मिनिटं दिली नव्हती. दीड तासात माणूस पाल, ट्रॅक्टर, कोंबडी करत करत खरी गोष्ट चुकवू शकतो. दहा मिनिटांत लपायला जागा नाही.

पुढच्या सोफ्यावर दीपकराव आणि भावकीचे सातजण. आलेच होते. गावातलं लग्न, आणि सोसायटीची निवडणूकही जवळ. मालनबाई बायकांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत. हात मांडीवर. तात्यांकडं बघतसुद्धा नव्हत्या.

बारा वीसला तात्यांनी माइक धरला. जोडप्याला शुभेच्छा दिल्या. बँकेतल्या करुणाचं कौतुक केलं. मग घसा साफ केला. डावा हात कमरेवर गेला. 

"मंडळी, ह्या पंचक्रोशीला पहिला मॅट्रिक दिला, तो लोंढ्यांनी!"

आणि टाळ्या पडल्या. सोफ्यावरून. सवयीनं. दीपकराव सगळ्यांत मोठ्यानं वाजवत होते आणि तात्यांकडं बघून मान हलवत होते, बरोबर, इथंच थांबा.

तात्यांनी हात वर केला. तीस वर्षांत त्यांनी टाळ्यांना कधी हात दाखवला नव्हता.

"थांबा," ते म्हणाले. "टाळ्या चुकीच्या सोफ्यावरनं यायल्यात."

 मागच्या रांगेत एक पोर रडायला लागलं.

"त्या मॅट्रिकचं नाव राघू सटवा लोंढे. ओढ्याच्या पल्याडचं घर. नवऱ्या मुलीचा पणजोबा. इंदापुरात एका पडवीत राहून शिकला, शनवारी चालत घरी यायचा. मला हे नाव तीस वरसं ठावं हुतं. मी घेतलं न्हाय. इसरलो न्हवतो, घेतलं न्हाय." आवाज फाटला. मी बटण खाली-वर काही केलं नाही, फाटू दिला. "आन् हितं सोफ्यावर बसलेल्यांनी ऐका. आपल्या चाळीस घरांचं कारखान्याचं अर्ज त्या माणसानं लिवलं. आपल्याच पायरीखाली बसून. माझ्या बापाचा अंगठा आन् राघूअण्णांचं अक्षर, त्यावर माझं घर उभं हाय. त्यांला कुणी वर बसवलं न्हाय. वरनं मी त्यांचं नाव बी खाल्लं. मालनवैनी, माजं चुकलं."

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. कुठं वाजवायच्या हेच कळेना कुणाला. दीपकरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण खरं सांगतो, मला ते बघायचं सुचलं नाही. कारण मालनबाई उठल्या होत्या. खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजजवळ आल्या. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. सुनावायला पाहिजेच होते.

"गेणबाभाऊ," त्या खालूनच म्हणाल्या, "नाव तेवढं परत घ्या. मागं लेकराच्या रडण्यात ऐकू आलं न्हाय."

तात्यांनी परत घेतलं. राघू सटवा लोंढे. मी आवाज जेवढा जाईल तेवढा चढवला. मालनबाई डोळे मिटून उभ्या होत्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता लगीन लावा." भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं, आणि मी जनरेटरमागं जाऊन रडून घेतलं. सांगायला लाज कसली.

ऋषिराजच्या लग्नाचा माइक अर्थातच गेला. बारामतीहून एक कोटवाला पोरगा आला, स्वतःचा कॉर्डलेस माइक घेऊन. स्पीकर तेवढे माझे होते. तात्या पाहुण्यांत बसले, चौथ्या रांगेत, हात कुठं ठेवावेत ते न कळून एकदा गुडघ्यावर, एकदा बगलेत. फ्लेक्स दारात तसाच होता. पोरानं शायरी झाडली, पुढाऱ्यांची नावं घेतली, आणि दीपकरावांनी दिलेला कागद उघडून दणक्यात वाचलं, "ज्या घराण्यानं या पंचक्रोशीला पहिला मॅट्रिक दिला, ते हे लोंढे घराणं!"

सोफ्यावर टाळ्यांना हात उठले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं, एका खुर्चीवरून, काठी आपटल्याचा आवाज आला.

"नाव घे की रं मेल्या!" द्वारकाबाई ओरडल्या.

पोरगं गोंधळलं. कागद उलटा करून बघितला, तिकडं कोराच. "आजी, कुणाचं नाव?"

आणि आजी बोलायच्या आधीच वरच्या आळीच्या पाच-सहा म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या, "राघूचं!"